हात बसला म्हणालात, ते धरू का?

प्रिय बाई,

‘प्रिय’ लिहिलं आणि हात अडला. तीस वर्षांत आपल्या दोघींत हा शब्द कधी आला नाही. पण खोडलं तर कागद घाण दिसेल, म्हणून राहू देते.

आज लिहायला बसले, कारण काल तुमची तेरवी झाली आणि पंगतीतच मी आणि तुमची कुंदा भांडलो. चार माणसं जेवत होती त्यांच्यासमोर. तुमचा मुलगा वरणाची बादली घेऊन तसाच उभा राहिला, ना बहिणीला गप म्हणाला ना बायकोला. भांडण तुमच्याच बोलण्यावरून झालं. आयसीयूत तुम्ही दोन गोष्टी बोललात. त्यातली कोणती खरी, हे आता तुम्हालाच विचारायचं आहे. दुसऱ्या कोणाला विचारू?

मी सातवी शिकलेली, तुम्हाला तर वाचताच येत नव्हतं. तिकडं वाचून दाखवायला कोणीतरी असेल. मामंजी असतील. त्यांना सांगा, मधलं काही गाळू नका.

तुम्हाला दम लागला म्हणून नेलं, त्या सकाळी तुम्ही चांगल्या शुद्धीत होतात. ऑटोवाला लकडगंजच्या गर्दीत घुसला म्हणून मला बोलत राहिलात, जसं काही ऑटो मीच चालवून राहिले होते. दवाखान्यात न्यूमोनिया निघाला. आयसीयूत घेतलं. दारातच सिस्टरनं तुमच्या अंगावरचं सगळं माझ्या ओंजळीत दिलं. पाटल्या, कुड्या, दातांची कवळी, चष्मा. मी पदरात बांधून घरी आणलं. मला वाटलं, झोपूनच राहणार आहेत, चष्मा कशाला पाहिजे? हरवला तर मलाच ऐकावं लागेल.

ही माझी पहिली चूक. तुम्ही विचारायच्या आधी मीच लिहून ठेवते.

तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला मी आणि कुंदा आत आलो. ती उमरेडहून पहिल्या गाडीनं आली होती. मी पेल्यातून पाणी पाजायला गेले, तर तुम्ही माझा हात झिडकारला. पाणी पलंगावर सांडलं. आणि सिस्टरला म्हणालात, “ही माही सून नाही. ह्या बाईनं मले कोंडून ठेवलं. पाण्यात काहीतरी टाकून राहिली रोज.”

बाई, तीस वर्षं माझ्या हातचं खाल्लं तुम्ही. मीठ कमी म्हणालात, भाकर जाड म्हणालात, ते समजू शकते. पण हे? आणि कुंदासमोर?

 कुंदा नुसती माझ्याकडं पाहत राहिली. ते पाहणं तुम्हाला माहीत आहे, तुमचंच आहे.

बाहेर येऊन मी डॉक्टरीण मॅडमला गाठलं. तरुण पोरगी आहे, माझ्या आवाजाला घाबरली नाही. मी म्हटलं, काल बरी असलेली बाई आज मला ओळखत नाही, तुम्ही काय औषध देऊन राहिले? तिनं मला बाकड्यावर बसवलं. म्हणाली, ह्याला डिलिरियम म्हणतात, आयसीयूतल्या पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना होतं. माणूस घाबरलं की अंगात एक हार्मोन सुटतं, कॉर्टिसोल. समोर वाघ आला तर पळायची ताकद यावी म्हणून.

“इथं वाघ कुठं आला?” मी विचारलं.

“त्यांच्या अंगाला वाटतं आलाय,” ती म्हणाली. “जंतू आहेत, दम आहे, नळ्या आहेत, मशीन वाजते. रोजच्या माणसात ते हार्मोन सकाळी चढतं, मग उतरत जातं. यांचं उतरतच नसेल.”

मग ती हेही म्हणाली, की सगळं त्याच एकाच्यामुळं होतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. वय आहे, न्यूमोनिया आहे, झोप नाही, औषधं आहेत, सगळं मिळून मेंदू गोंधळतो. उठताना तिनं विचारलं, “आजी चष्मा लावतात का?”

मी काय सांगू? चष्मा घरी, डब्यात, रुमालात गुंडाळलेला. तुम्हाला तीन दिवस हिरव्या गाऊनातले सगळे नुसते गोळे दिसत असतील. त्यातला एक गोळा पेला घेऊन तोंडाशी येतो. मी असते तर मी पण झिडकारलं असतं!

जाताना मॅडम म्हणाली, “त्या जे बोलतात ते मनावर घेऊ नका.” तेव्हा मला हे वाक्य फार बरं वाटलं. कालपर्यंत बरं वाटत होतं.

चौथ्या दिवशी मी चष्मा घेऊन आले, तर तुमचे दोन्ही हात पलंगाला बांधलेले. मऊ पट्टे होते, पण बांधलेले ते बांधलेले. तुम्ही नळ्या ओढता म्हणाले. तुमचा मुलगा कामावर होता, म्हणून कागदावर सही माझीच घेतली. काय लिहिलं आहे ते मी वाचलं नाही. मला लवकर आत जायचं होतं. ही दुसरी चूक.

चष्मा लावून दिला. तुम्ही माझ्याकडं पाहिलं, ओळखलं की नाही काही कळलं नाही. हात मात्र चालूच होते, बांधलेले असून. तीन दिवस मी ते हात पाहत होते आणि मला तेच वाटत होतं जे सिस्टरला वाटत होतं. एकदा तर मी ओरडले तुमच्यावर, की ओढू नका, गप पडून राहा. मला कधी धीर असतो? माझ्याकडं धीर असता तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

सातव्या दिवशी दिसलं. उजवा हात गोल फिरून राहिला होता, जेवढा पट्टा फिरू देईल तेवढा. आणि डाव्या हाताचा अंगठा नि बोट एकमेकाला चिकटून, थोडे पुढं, थोडे मागं. बाई, तुम्ही चरख्यावर सूत गुंडाळून कांडी भरून राहिल्या होत्या!

मी सिस्टरला हाक मारली. म्हटलं, “ही नळी नाही ओढून राहिली वं, ही सूत भरून राहिली. हिच्या घरी माग होता.” ती केरळची, तिला माग काय समजणार? पण माझा चेहरा बघून तिनं भेटीच्या वेळेपुरते पट्टे सोडले. म्हणाली, तुम्ही हाताशीच बसा.

मी बसले. काय करावं ते सुचेना, म्हणून माझं बोट तुमच्यासमोर धरलं, चरख्याच्या चात्यावर, त्या फिरणाऱ्या सळईवर, कांडी लावतात तसं. तुम्ही त्या बोटावर सूत भरायला लागलात. नसलेलं सूत. सावकाश, मन लावून.

मला माझं लग्नाचं पहिलं वर्ष आठवलं. माग अजून घरात होता, मामंजी विणायचे, तुम्ही कांड्या भरायच्या. मला शिकवायला बसवलंत. माझी कांडी ढिली व्हायची, मागावर पळणाऱ्या धोट्यात घातली की धागा अडकायचा, तुटायचा, आणि मामंजी आतून ओरडायचे. तुम्ही कांडी अंगठ्यानं दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, “हिचा हात ढिला आहे.” पुढं माग विकला, चरखा माळ्यावर गेला, मी साड्यांना फॉल-पिको करायला लागले. पण तुमचं वाक्य राहिलं. शेजारीण आली, हिचा हात ढिला. पाहुणे आले, हिचा हात ढिला. तीस वर्षं, बाई! एकदा बी तुमचं तोंड नाही थकलं.

आणि त्या दिवशी तुम्ही माझं बोट दोन्हीकडून धरलंत. अंगठ्यानं दाबलंत. चष्म्यातून माझ्याकडं नीट बघून म्हणालात, “मंदे, आता घट्ट आली. तुझा हात बसला वं.”

मंदे म्हणालात. नाव घेऊन.

आठव्या दिवशी तुम्हाला श्वासाच्या मशीनवर घेतलं, झोपेचं औषध दिलं. नवव्या दिवशी तुम्ही गेलात. म्हणजे तुमचं शेवटचं बोलणं ते. त्या सातव्या दिवशी घरी येऊन मी किती जणांना फोन लावले, तुम्हाला खोटं वाटेल. कुंदाला पण लावला. तिला म्हटलं, आई म्हणाल्या माझा हात बसला.

आता कालचं ऐका. पंगतीत तुमच्या मावसबहिणीनं विचारलं, शेवटी कशा होत्या? कुंदा म्हणाली, आई तर हिच्या हातचं पाणी घ्यायला तयार नव्हती, म्हणे पाण्यात काहीतरी टाकते. पानावर बसलेल्यांचे हात थांबले. मी वाढत होते, चमचा ठेवला आणि सगळं सांगितलं. वाघ, हार्मोन, चष्मा, सगळं. मॅडम म्हणाली मनावर घ्यायचं नाही, हेही सांगितलं.

कुंदानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, “म्हणजे त्या दिवसांत आई बोलली ते आईचं बोलणंच नव्हतं?”

“नव्हतंच,” मी म्हटलं.

“मग तुझा हात बसला म्हणाली, ते बी नव्हतं, वहिनी.”

मी ठेवलेला चमचा उचलला आणि परत वाढायला लागले. मी, बाई! तुमचा मुलगा सुद्धा चकित झाला.

कालपासून माझं डोकं चालत नाही. एकच डोकं, एकच हार्मोन, एकाच पलंगावरची दोन बोलणी. पाण्याचं सोडायचं तर कांडीचं बी सोडावं लागतं. कांडीचं धरायचं तर पाण्याचं बी धरावं लागतं. कधी म्हणते, चष्म्याच्या आधीचं सोडू, चष्म्यानंतरचं धरू. पण सूत तर चष्मा लावून बी नव्हतंच ना? बोटाला कांडी समजणारी बाई शुद्धीत होती असं मी कोणत्या तोंडानं सांगू? आज सकाळी फोन करून मॅडमला विचारलं, की मनावर घेऊ नका म्हणजे वाईट तेवढंच, की सगळं?  ती म्हणाली, मावशी, हे मला पण माहीत नाही.

आणि शुद्धीत, चष्मा लावून, दात घालून तुम्ही काय म्हणायच्या? हात ढिला. ते तर पक्कं तुमचंच. मग माझ्या वाट्याला तेवढंच ठेवून गेलात का? एवढं चांगलं बोलायला तुम्हाला आयसीयूत काहून जावं लागलं, बाई? घरी जागा नव्हती?

रविवारी कुंदा तुमची लुगडी न्यायला येणार आहे. मी चरखा माळ्यावरून काढायला सांगितला आहे. दोरी कुजली असेल, ती नवीन लावीन. एक जुनी कांडी तुमच्या डब्यात सापडली. फॉलचा धागा आहेच. तीस वर्षांनी भरणार आहे, पण घाई करणार नाही. माझ्याकडून एवढं वचन घ्या, घाई करणार नाही. भरून झाली की न बोलता कुंदाच्या हातात देईन. ती त्याच घरची पोरगी आहे, तिचा अंगठा तुमचाच आहे. पाण्याची गोष्ट मी तिच्यापुढं परत काढणार नाही, तुमच्यापुढं बी नाही. तिचा अंगठा जे म्हणेल ते मी धरीन. ढिली म्हणाली तर ढिली, मग दुसरी भरीन.

चष्मा तुमच्या फोटोसमोर ठेवला आहे, काच पुसून. रविवारी नीट बघा.

तुमची,
मंदा