विहिणीचा डावा पाय

॥ श्री अंबरेश्वर प्रसन्न ॥
अंबरनाथ, चैत्र वद्य एकादशी, शके १८७८

ती. सौ. माईस,
धाकट्या विठाचा साष्टांग नमस्कार (आठांत डावा पाय तूर्त धरू नये). तुझा खोकला, भाऊजींचं पित्त नि कपिला गाय, सर्वांस देव सुखी ठेवो.

माघात वरवंटा माझ्या पायावर पडला, हे तुला ठाऊकच. जखम शिमग्याआधी भरली, नखही नवं आलं, पण दुखणं बिऱ्हाड सोडीना. आता चादर लागली तरी कळ मस्तकात जाते. मांजर जवळून गेलं की मी आधीच ओरडते. हे म्हणतात, "लागलंय कुठं ते दाखव तरी!" दाखवायला काही नाही, हीच तर पंचाईत.

त्यात बदलापूरच्या वेणूबाई, म्हणजे माझ्या कमळाकरची होणारी सासू, भेटायला आल्या नि रीतीप्रमाणे पाया पडायला वाकल्या. बोट लागलं मात्र, मी "मेले! दूर व्हा!" म्हणून किंचाळले. बाई रडत परत गेल्या. आता ऐकते, अशा तिखट विहिणीच्या घरी मुलगी द्यावी की नाही, असा त्यांच्याकडे खल चाललाय.

म्हणून उल्हासनगरच्या सिंधी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "जखम तो भर गया, बाई, लेकिन नस रूठी हुई समधन है. एक बार मान में चूक हुई, फिर 'बैठिए' बोलो तो भी चुभता है." (समधन म्हणजे विहीण. मी कोण, हे त्यांना काय ठाऊक!) राग आला, पण पटलं. रोज कापूस हळूहळू फिरवून नसेची समजूत घाला, म्हणाले. घरात कापूस देवाच्या वातींचा, तो पायाला कसा लावू? उशी उसवली. उशी चपटी झाली, नस रुसलेलीच. महिने लागतील म्हणतात, नि लग्न वैशाखात!

भर मांडवात वेणूबाई विहिणीचे पाय धुणार. तिथं पुन्हा किंचाळले तर वरात मुलीवाचून परतेल.
तुझी,
विठा

ता. क. वडीलकीचा मान म्हणून पाटावर तू बस. पाय तुझे धुवू देत.

ता. क. पाय धुतल्यावर विहिणीला पैठणी देतात. पाय तुझे असले तरी दुखणं माझं, तेव्हा ती माझी. तिचा जरीचा काठ पायाला घासला तरी ओरडणार नाही, देवाशपथ.