निरोप घेऊन झाल्यावर

लुब्लिन, पोलंड
६ मार्च २०२२

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला तू नुसती हं हं करतेस, म्हणून पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतेय. चष्मा लावून वाच.

शेजारी युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यापासून इथल्या स्टेशनवर रोज माणसांचे लोंढे उतरताहेत. मी आणि सुबोध तिथे सूप वाटायला जातो. परवा बाकावर एक आजी दिसल्या. सूप घेतलं, पण प्यायल्या नाहीत. वाडगं धरून हात शेकत बसल्या. नाव हालिना, वय तुझ्याएवढंच. घर खार्किवला होतं. एकुलता एक मुलगा लढाईवर गेलाय. पुढे कुठे जाणार, असं विचारलं तर त्यांनी मलाच विचारलं, इथून गाड्या कुठे जातात? मी त्यांना घरी घेऊन आले.

आई, आमच्याकडे जास्तीची खोली एकच आहे, आणि ती तुझी. तू कायमची येणार म्हणून पडदेसुद्धा लावून ठेवलेत. तुझं तिकीट याच महिन्याचं. तुला न विचारता मी हे करून बसले आणि आता काय करावं ते सुचत नाही. इथे एका शाळेच्या हॉलमध्ये ओळीने खाटा टाकल्यात, तिथे त्यांची सोय होऊ शकते. तू म्हणशील तसं करू. राग आला असेल तर सरळ लिही.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
देवयानी

भवानी पेठ, सोलापूर
७ मार्च २०२२

चि. सौ. देवयानीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

राग कसला? घरात आणलेल्या म्हाताऱ्या बाईला परत हॉलमध्ये नेऊन टाकायचं, असलं मी तुला शिकवलेलं नाही. त्या माझ्या खोलीत राहतील. तिकीट पुढे ढकल. माझ्या डोक्यावर काही बॉम्ब पडत नाहीत, फार तर वरच्या मल्लेशच्या कुंड्यांचं पाणी पडतं.

तशी माझी बांधाबांध झाली होती. फ्रिज विकला, टीव्ही शेजारच्या पूनमला देऊन टाकला. गेल्या रविवारी गल्लीतल्या बायकांनी साडी-नारळ देऊन मला निरोपही दिला. समोरची महेश्वरी तर हुंदके देऊन रडली. हसू नकोस, मीही रडले.

माझी काळजी अजिबात करू नकोस. दुधनीहून आपली जुनी शेजारीण शरणम्मा आलीय आणि मी निघेपर्यंत राहणार आहे. चहात इतकी साखर घालते की चमचा उभा राहावा. वर मलाच म्हणते, तुझी जीभ कडू झालीय. दिवसभर आमची भांडणं चालतात, त्यामुळे वेळ बरा जातो.

हालिनाबाईंना मऊ भात दे, मेतकूट घालून. आणि संध्याकाळी त्यांना एकटं बसू देऊ नकोस. ती वेळ वाईट असते.

सुबोधला आशीर्वाद. दोघं जपून राहा.
तुझी,
आई

लुब्लिन
२४ एप्रिल २०२२

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितल्यापासून रोज संध्याकाळी हालिनाबाईंजवळ बसते. मला पोलिश येतं, त्यांना थोडंफार समजतं, उरलेलं मोबाइल भाषांतर करतो. मुलाचा फोन कधीकधी आठवडाभर येत नाही, तेव्हा त्या जेवत नाहीत. मेतकूटभात मात्र खातात. लहान बाळाला भरवतात तो हा भात, असं सांगितल्यावर पहिल्यांदा हसल्या.

परवा त्यांनी विचारलं, ही खोली कुणासाठी सजवली होती? मला खोटं बोलता आलं नाही. तुझा फोटो दाखवला. तेव्हापासून घरभर झाडलोट आणि भांडी त्याच करतात, नको म्हटलं तरी ऐकत नाहीत.

शरणम्मामावशी तुझ्या सोबतीला आहेत म्हणून मला झोप तरी लागते. आज त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर त्यांचे आभार मानणारा निरोप पाठवलाय.

तुझा हात डोक्यावर असू दे.
तुझी,
देवयानी

सोलापूर
२७ एप्रिल २०२२

चि. सौ. देवयानीस शरणम्मामावशीचा आशीर्वाद.

माझं मराठी कानडीत भिजलेलं, सांभाळून घे. बाळ, तुझा निरोप आला आणि मी चाटच पडले. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी दुधनीतच हाय की. सोलापूरला मी आलेच न्हाय. लगेच मुलाला म्हटलं, गाडी काढ.

बघते तर पुढच्या दाराला बाहेरून कुलूप. मला वाटलं, आक्का कुटं गेली. पूनम म्हणाली, मागनं जावा, आत हायत त्या. निरोप घेऊन झाल्यावर परत दारात कुठल्या तोंडानं उभं राहायचं, जो तो विचारतो अजून गेला न्हाय व्हय, म्हणून तिनं पुढचं दारच बंद करून टाकलंय. पूनम मागच्या दारी दूध देऊन जाती, तेवढीच माणसाची भेट. हितं उन्हानं अंगाची लाही होतीया, अन् ही खिडक्या लावून बसलेली.

मी लई भांडले. मला म्हणाली, देवयानीला सांगू नको, सांगितलं तर ती त्या बाईला घराबाहेर काढंल. मी सांगतेय. रागवली तर रागवू दे. मी गेल्यावर तिनं माझा हात धरला तो सोडंनाच.

आमचा तुमच्यावर जीव आहे, तुमचाही असू दे.
शरणम्मामावशी

लुब्लिन
२८ एप्रिल २०२२

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यावर खूप रागवायचं होतं, पण रडण्यातच दिवस गेला.

मावशींचं पत्र वाचत होते तेव्हा हालिनाबाई समोर होत्या. काय झालं म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं, कुलपाचंही. त्या उठून खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, आता पिशवी भरून निघतात. थोड्या वेळाने आतून काहीतरी घासल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तर त्या एकट्या पलंग भिंतीकडे ढकलत होत्या. खिडकीकडची बाजू रिकामी केली, हाताने मापून पाहिली आणि मला विचारलं, इथे तुझ्या आईची खाट मावेल ना?

मावेल, आई. पण तू हो म्हटल्याशिवाय तिकिटाची नवी तारीख घेणार नाही. या वेळी मात्र खरं लिही.

तुझी,
देवयानी

भवानी पेठ, सोलापूर
३० एप्रिल २०२२

चि. सौ. देवयानीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन पत्रं लिहून फाडली. दोन्हींत मी मजेत होते.

तुझे बाबा गेले तेव्हासुद्धा मी इतकी एकटी नव्हते, कारण तेव्हा माणसं येत होती. आता मी गेले असंच सगळे धरून चाललेत. महेश्वरीकडे भजन असलं की तिच्या दारातल्या चपला मी खिडकीच्या फटीतून बघत बसते. पण ज्या बाईचं घर सुटलं, मुलगा लढाईवर आहे, तिच्यापुढे आपलं दुःख कसं काढायचं? मला लाज वाटली. अजूनही वाटते.

हालिनाबाईंना सांग, खिडकीची बाजू त्यांनीच घ्यावी. मुलाचा फोन आला तर तिथे रेंज बरी मिळेल. मला दाराजवळची चालेल. एकमेकींची भाषा कळणार नाही याची चिंता नको, मला तसंही कुठे ऐकू येतं.

त्यांना माझा नमस्कार, तुम्हा दोघांना आशीर्वाद. देवयानी, मला इथे एकटीला राहवत नाही. मला ने.

तुझी,
आई