हिरव्या चिंधीची पिशवी

आप्पा,

उधन्याचं आपलं स्टेशन आता ओळखू येत नाही. मी रोज सकाळी इथूनच बारडोलीला नोकरीला जाते, तरी अजून भलत्याच जिन्याने चढते आणि स्वतःवरच चिडते. पत्र्यांच्या आड नवी इमारत उभी राहतेय, जुनं एकेक निघून चाललंय. परवा पाहते तर तुमचा नळ नाही. वाकून पाणी प्यायचो तो दगडी कट्टाही नाही. मला तिथंच रडू आलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "शुं थयुं, बेन?" नळ गेला म्हणून रडतेय, हे काय सांगणार? घरी आले आणि तुम्हाला लिहायला बसले.

हे स्टेशन मला तुम्हीच शिकवलंत. एका अंगाला मुंबई-अहमदाबादची मोठी लाइन, दुसऱ्या अंगाला वळून खानदेशात जाणारी आपली तापी लाइन. "हाई लाइन इंग्रजेसनी कापूसकरता टाकी, मानसं मांगून बसनात," असं तुम्ही दर वेळी नव्याने सांगायचात, जणू तेव्हा तुम्ही तिथं हजर होतात. पण स्टेशनचा खरा नकाशा कुठल्याच पाटीवर नव्हता. गावाकडची पॅसेंजर यायच्या वेळी आपले नंदुरबारकडचे नळापाशी उभे राहायचे, दोंडाईचाकडचे वजनाच्या मशीनपाशी, अमळनेरवाले पुलाच्या जिन्याखाली. गावाहून कोणीतरी कोणाच्या तरी हाती पिशवी दिलेली असायची, ती खिडकीतून त्या त्या जागी उतरायची. पिशव्या सगळ्या खताच्या गोणीच्या, एकसारख्या शिवलेल्या, म्हणून बंदाला चिंधी बांधायची रीत. आपली लाल.

त्या दिवशी गाडी थांबली तेव्हा तुम्ही शेवटच्या डब्यापाशी कोणाची तरी खुशाली विचारत होतात. कापडाच्या लूमच्या खडखडाटात राहून तुमचा आवाज एवढा मोठा झाला होता की मला नळापाशी सगळं ऐकू येत होतं. दहा वर्षांची मी, खिडकीतून पिशवी घेतली आणि मिरवत तुमच्याकडे आले. तुम्ही न बघता खांद्यावर टाकलीत. डिंडोलीला घरी आईने ती उघडली तर वर ज्वारीचे बिबडे. आजीचा हात सढळ झाला म्हणत तिने ते पापडासारखे तळले, आपण खाल्ले. तळाशी हळदीच्या अक्षता आणि लग्नाची पत्रिका निघाली. वर नुसतं 'ताईस' लिहिलेलं, आणि छापलेलं गाव आपलं नव्हे, दोंडाईचाकडचं. बंदाची चिंधीही हिरवी. आपली पिशवी गाडीबरोबर पुढे गेली ती गेलीच.

मला वाटलं, आता मार. तुम्ही पत्रिका हातात धरून बसलात. "खादं ते खादं. पन हाऊ निरोप कोना शे?" लग्न चार दिवसांवर आलेलं. मग पाळी बदलून घेऊन तुम्ही रोज गाडीच्या वेळेला, मला बरोबर घेऊन, वजनाच्या मशीनपाशी जाऊन उभे राहिलात. भलत्या तालुक्याच्या जागी उभे, म्हणून लोक तुमची थट्टा करायचे. तुम्ही एकेकाला विचारायचात, या गावची लेक इकडे कोणाकडे दिली आहे? तिसऱ्या दिवशी ते कानावर जाऊन कोसाडहून एक बाई धावत आल्या, हाताला साड्यांवर लावायच्या टिकल्या चिकटलेल्या. त्यांचा भाऊ वाटणीवरून कित्येक वर्षं बोलत नव्हता. त्यांनी अक्षता मुठीत धरल्या आणि विचारलं, "भाऊनी माले बलायं?" तुम्ही हात जोडलेत. "बलायं, बहीन. चूक मनी व्हयनी. पिशवी मी नीट पाही नही."

त्या दुसऱ्याच दिवशी माहेरी गेल्या. पुढे दरवर्षी त्यांच्याकडून हिरव्या चिंधीची पिशवी आपल्याकडे यायला लागली. तुम्ही जाल तिथं ही गोष्ट सांगायचात, स्वतःच्या वेंधळेपणाला हसायचात आणि पहिला बिबडा माझ्या हातावर ठेवायचात. तुम्ही गेलात त्या वर्षीही पिशवी आली होती. मी ती उघडली नाही, आईनेच उघडली.

नळ होता तोवर गावाकडे जाणाऱ्या कोणाच्याही हाती काहीही देता यायचं. हे पत्र कोणाच्या हाती देऊ? माझ्या पर्समध्ये पासाच्या मागेच राहील ते. आप्पा, मी चिंधी पाहिली होती. खिडकीत आपली लालही दिसत होती, पण चाचपली तर तिच्यात त्या वर्षी नुसती डाळ होती, आणि हिरवीला बिबड्यांचा वास येत होता. तुम्ही हात जोडलेत तेव्हा मी तुमच्या मागेच उभी होते.