माझं ‘नियमी’ खोडलं गेलं त्याची हकीकत

तीर्थरूप अक्का,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात, की अजून खालच्याच खोलीत मुक्काम आहे? भावोजींचा खोकला आटोक्यात आला असेल अशी आशा आहे. (त्यांना सांग, आरशात न बघता वळल्याबद्दल मी त्यांना गाडीच्या परीक्षेत नापास केलं त्याला आता बावीस वर्षं झाली; माणसाने किती मनात धरायचं.) मी ठणठणीत आहे.

आपल्या पोरीला चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणाऱ्या एका माणसाशी लग्न करायचंय आणि मी नकार दिलाय, हे तुला ठाऊक आहेच. कारणही तसंच भक्कम होतं. वाहन परवान्याच्या परीक्षेला तो माझ्यापुढे तीनदा बसला आणि तिन्ही वेळा आपटला. ज्याला गाडी सरळ मागे घेता येत नाही तो संसार काय पुढे नेणार, असं मी म्हणालो. (वाक्य मला इतकं आवडलं की लगेच पुन्हा एकदा म्हणालो.) पोरगी रडली-बिडली नाही. म्हणाली, “बाबा, तुम्ही त्याच्याशी आजवर एकूण तासभर बोलला असाल, आणि त्यात ‘डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या’ याशिवाय काही नव्हतं. रविवारी आमच्या खेळाला या. सहा तास बसा आणि मग नाही म्हणा.” नकार पक्का करायला सहा तास म्हणजे काहीच नाही, म्हणून सकाळी दहाला तिच्या घरी हजर झालो.

हा खेळ म्हणजे पट नाही, सोंगट्या नाहीत. टेबलाभोवती बसायचं आणि आपण दुसरंच कोणीतरी आहोत असं धरून चालायचं. एकजण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, वाटेत भेटणाऱ्यांच्या तोंडून बोलतो. आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते वीस बाजूंचा एक फासा ठरवतो; आकडा मोठा आला तर जमलं. सूत्रधार अर्थातच आमचा भिंगवाला. पोरगी चेटकीण होती. तिसऱ्या एक ग्रंथपालबाई, आवाज इतका बारीक की दोनदा विचारावं लागे. मला चिलखत घातलेला सरदार दिला. मग भिंगवाल्याने नऊ चौकोनांचा एक कागद पुढे सरकवला. आपलं पात्र स्वभावाने कसं आहे ते आधीच लिहून द्यायचं. एका बाजूने नियमी (म्हणजे नियमाला धरून चालणारा), मधला आणि मनमानी. दुसऱ्या बाजूने सज्जन, मधला आणि दुर्जन. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी शाईच्या पेनाने ‘नियमी सज्जन’ लिहून मोकळा झालो. (तो म्हणाला, काका, पेन्सिलने लिहितात. मी म्हणालो, मला बदलायचं नाहीये.) ग्रंथपालबाईंनी ‘मनमानी दुर्जन’ घेतलं आणि अक्का, तुला सांगतो, चेहऱ्यावर काय समाधान. बत्तीस वर्षं लोकांना गप्प बसा म्हणून सांगत आलेली बाई; पहिल्या दहा मिनिटांत तिने एक खाणावळ पेटवून दिली.

आमची कामगिरी एका गडात शिरण्याची होती. दारावर पाटी: परवान्याशिवाय प्रवेश नाही. मी परवान्याच्या रांगेत उभा राहिलो. पाऊण तास उभा राहिलो, खऱ्या घड्याळातला. मधल्या वेळात पहारेकऱ्याच्या बैलगाडीची चाकं तपासली आणि त्याला दोन दोष लेखी काढून दिले. पोरीने कपाळाला हात लावला, बाई दारावर तेल ओतून ते कधी पेटवू म्हणून विचारत होत्या, पण भिंगवाला चिडला नाही. मी विचारीन त्या प्रत्येक चाकाचं शांतपणे वर्णन केलं. हा माणूस धीराचा आहे अशी एक नोंद मी मनातल्या मनात केली आणि लगेच खोडली.

तेवढ्यात गडातून एका बुटक्या, हिरव्या, म्हाताऱ्या राक्षसाला दोरीने बांधून आणलं. त्याला फाशी द्यायची होती. गुन्हा काय, तर पुलावरच्या थांब्याच्या रेघेवर न थांबता तो पुढे गेला. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. फाशी जरा जास्त होतेय, पण थांबायला हवं होतं. तर तो म्हातारा माझ्याकडे वळला (म्हणजे भिंगवालाच, पण आवाज असा काही काढला की तो भिंगवाला आहे हे मी विसरलो) आणि म्हणाला, “मी थांबलो असतो साहेब. रेघ पुसली गेली होती.”

पुढचं कसं झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी उठून उभा होतो, खुर्ची मागे पडली होती, आणि मी त्या पहारेकऱ्याला दरडावून सांगत होतो की मी राजाचा निरीक्षक आहे, या कैद्याच्या कागदात खोट आहे, किल्ल्या इकडे आण. धादांत खोटं. आयुष्यात रजेच्या अर्जावरसुद्धा मी ताप नसताना ताप लिहिलेला नाही. फासा टाकला, तो गडगडत साखरेच्या भांड्याला आपटला आणि थांबला तो वीसवर. ग्रंथपालबाई ओरडल्या, चक्क मोठ्याने. म्हाताऱ्याला खांद्यावर टाकून मी पळालो. उभ्या जागीच, पण धाप खरी लागली.

आणि मी पाणी पितोय तर भिंगवाल्याने माझा कागद ओढून ‘नियमी’ या शब्दावर रेघ मारली. मी चवताळलो. म्हणालो, तो नियमच चुकीचा होता. तर म्हणतो कसा, “म्हणून तर ‘सज्जन’ खोडलं नाही, काका.”

सोमवारी परीक्षेच्या मैदानावर एक बाई थांब्याच्या रेघेच्या पुढे गेल्या. नापासाचा शेरा लिहायला पेन टेकवलं आणि कोण जाणे का, गाडीतून खाली उतरलो. वाकून बघतो तर रेघेचा पत्ता नाही. ती कुठे असते ते मला पाठ असल्यामुळे मला रोज दिसत होती. तसाच कार्यालयात गेलो आणि चार वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं. भिंगवाला, तिसरा प्रयत्न, नापास, रेघ ओलांडली. शेजारी माझ्याच अक्षरात: ‘उमेदवार हुज्जत घालतो; म्हणे रेघ दिसत नाही.’

दुपारच्या सुट्टीत त्याच्या दुकानात गेलो. तो भिंग घासत होता, बोटं पाण्याने सुरकुतलेली. मी विचारलं, हे मुद्दाम केलंस? त्याने यंत्र बंद केलं, हात पुसले आणि म्हणाला, “तुम्हाला टोचायला नाही, काका. गोष्टीत एखादा अन्याय लागतो आणि मला तेवढ्या एकाचाच अनुभव आहे.” हे त्याने चार वर्षं पोरीलासुद्धा सांगितलं नव्हतं. मीच तिच्या घरी जाऊन तिला सांगितलं.

मंगळवारी मी स्वतः गुडघ्यांवर बसून रेघ रंगवली. बुधवारी त्याची परीक्षा पुन्हा घेतली. रेघेवर असा थांबला की फोटो काढून भिंतीला लावून ठेवावा. मग गाडी मागे घेताना त्याने दोन शंकू उडवले आणि तिसरा चाकाखाली घेतला. नापास केला. आणि त्याच कागदाच्या पाठीवर लग्नाला संमती लिहून दिली. (पोरगी म्हणते, संमती मागितली कोणी होती, फक्त कळवलं होतं. असू दे.)

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र वाचून झालं असेल तर आता मोठ्याने वाच. समोर तुझी भावजय बसली असेल. माझी दोन पत्रं तिने न फोडताच परत पाठवली आहेत. एकोणीस दिवस झाले. ज्या दिवशी मी ते संसाराचं वाक्य दुसऱ्यांदा म्हणालो, त्याच संध्याकाळी ती बॅग भरून तुझ्याकडे आली. तिला सांग, वाक्य मी मागे घेतलंय.

ता. क. दुसरा. रेघ रंगवायला कार्यालयाचा रंग वापरला, तोही न विचारता. खुलासा मागवलाय. हे वाचू नकोस. किंवा वाच, तिला बरं वाटेल.

ता. क. तिसरा. येत्या रविवारी आम्हाला वैद्य कमी आहे. सरदार जखमी आहे आणि दुसऱ्या कोणाचं औषध घ्यायला तयार नाही. तिला म्हणावं, सकाळच्या बसने ये. तुझा कागद तयार ठेवलाय, स्वभावाचा चौकोन कोरा आहे. दुर्जन घेतलास तरी चालेल, मी शेजारी बसेन.