चंद्रीच्या अंगावरचे गोचीड

प्रिय देविका,

व्हेटर्नरी कॉलेज सोडल्यापासून परळला आलो की तुमच्या गेटसमोर मी रस्त्याची दुसरी बाजू धरतो. सरांच्या टेबलावर जर्नल आपटून, इथे परत पाय ठेवणार नाही म्हणालो होतो ना. मागून तू "थांब ना रे विकास" म्हणालीस, ते ऐकू आलं होतं. थांबलो नाही.

बकुळामावशी आठवते? गिरगावात देवळासमोर गायी घेऊन बसते, लोक तिच्याकडून गवताची पेंडी घेऊन गायीला भरवतात. तू भरवायचीस आणि मी तुझ्याकडे बघत राहायचो, तेव्हा ती म्हणायची, "मेल्या, गाय तिकडे हाय!" मी हल्ली तिच्याकडेच असतो. शेण काढतो, गवत वाहतो. घरी सांगितलंय, कुरिअरमध्ये लागलो.

तिची गौरी गाय गेली गं. गोचीडताप. लघवी कॉफीसारखी झाली, डॉक्टर येईपर्यंत तिने मान टाकली होती. मावशी रडली नाही. गौरीच्या गळ्यातली घंटा सोडून तिने चंद्रीला बांधली आणि पेंड्या मांडायला बसली. आता चंद्रीच्याही कानात, कासेपाशी गोचीड भरलेत आणि ती गाभण आहे. मी फवारा आणला. सुरुवातीला गोचीड पटापट गळायचे, मग कमी कमी, आता औषध कडक केलं तरी एक हलत नाही. नकली माल देतोस म्हणून दुकानदाराची कॉलर धरली. माल खरा होता. याहून कडक करायला हात धजत नाही, पोटात वासरू आहे.

मग एकदा पहाटे गोठ्यात गेलो, तर मावशी चंद्रीला साबण लावून खसाखसा धूत होती. मी संध्याकाळी फवारायचो आणि ही पहाटे धुऊन टाकायची. मी ओरडलो. ती म्हणाली, "माणसं हिच्या पायाला हात लावून डोळ्यांना लावतात. पोरांच्या डोक्यावरनं शेपूट फिरवतात. इख लावलेली गाय उभी करू होय देवासमोर?" म्हणजे गोचिडांना प्रत्येक वेळी अर्धंमुर्धंच विष मिळालं. त्यातून जे तगले त्यांचीच ही पिलावळ. वर्गात तू मला नेमकं हेच समजावत होतीस, आणि मी तुझ्या कानातला डूल बघत होतो.

पत्रासोबत वॉचमनकडे एक बाटली दिलीय. तोंडाला फडकं बांधलंय, हवा जावी म्हणून. आत चंद्रीचं रक्त पिऊन टम्म झालेले गोचीड आहेत, जिवंत. कुठल्या औषधाने मरतात ते लॅबमध्ये तपासून सांग. तोवर चंद्री गोठ्यातच राहील, धुवायची नाही, असं मावशीने कबूल केलंय. ती नुसत्या पेंड्या घेऊन बसते आणि लोक विचारतात, गाय कुठाय. मी तुला जे विचारलं होतं त्याचं उत्तर राहू दे, बाटलीचं तेवढं लवकर दे. लॅब सरांचीच आहे, ठाऊक आहे. त्याला स्वतः येऊन मागू दे, असं सर म्हणाले, तर येईन. गेटपाशीच उभा आहे, तुमच्या बाजूच्या फुटपाथवर.

तुला चालो न चालो, तुझाच,
विकास