थिओडोरा पाणी पिते आहे

विंडवर्ड, कॅरिआकू बेट
१४ मे

ती. इझमेताईस धाकट्या आल्बनचा (वय वर्षं बासष्ट) कोपरापासून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? हडर्सफील्डची थंडी अजून हटली नसेल. इकडे माझी प्रकृती उत्तम, कॅनिसही बरी आहे, फक्त नवऱ्याशी बोलत नाही. म्हणजे घरात शांतता आहे. कारण असं की मी होडी घेतली. शिडाची, जुनी, सतरा फुटी. हसू नकोस. (हसलीस ना?) ज्या गावात पोरं चालायच्या आधी शीड ओढायला शिकतात, तिथे मी सदतीस वर्षं पोस्टात तिकिटं चिकटवली, कारण समुद्राकडे नुसतं बघूनही मला मळमळतं, हे तुला काय सांगायचं! बाबांच्या होडीत मी जन्मात एकदा बसलो, आणि नंतर बाबांनी ती तीनदा धुतली. सुकाणू कायम तुझ्या हातात. तू नर्स व्हायला तिकडे गेलीस त्या दिवसापर्यंत.

आता कुठली होडी ते सांगूनच टाकतो. थिओडोरा. आपलीच. बाबांनी आईच्या नावाने बांधलेली, आणि बाबा गेल्यावर मी तुला न विचारता विकलेली. तेव्हा तू एका ओळीचं पत्र धाडलंस, ‘आल्बन, तू आईला विकलंस.’ त्यानंतर बावीस वर्षांच्या पत्रांत हवापाणी, गुडघे, चर्चमधली भांडणं सगळं आलं, होडीचा शब्द नाही. ते पत्र माझ्याजवळ आहे. पोस्टातला माणूस पत्र टाकून देत नाही.

ती सापडली शेजारच्या पेटी मार्टिनीक नावाच्या बेटावर, एका गृहस्थाच्या परसात, उपडी घातलेली. खाली कोंबड्या. अकरा वर्षं आपली आई खुराड्याचं छप्पर होती! (तू किती चिडशील ते मला इथून दिसतंय. पण गृहस्थ भला आहे. एक कोंबडी होडी सोडीचना, ती त्याने वर दिली.) दुसऱ्याच्या बोटीवर लादून आणली. बाबांबरोबर जिच्या फळ्या तासल्या, तिला बघून गिफ्टनकाका आधी तिच्याभोवती एक फेरी मारून आले. मग एक्याऐंशीव्या वर्षी त्यांनी बाह्या सरसावल्या, तीन कुजक्या फळ्या बदलल्या, फटींत कापूस ठोकला, रंग दिला, “उद्या पाण्यात घाल,” म्हणाले आणि घरी जाऊन झोपले.

मी घातली. पाव तासात पाणी घोट्यापर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत. माझं धाबं दणाणलं. कॅनिसचं सगळ्यात मोठं पातेलं उचललं आणि सकाळपासून दुपारपर्यंत उपसतोय, उपसतोय, आणि हिचं आपलं भरणं चालूच. मदतीला कोणी नाही. उलट लोक घरून खुर्च्या घेऊन आले. कुणी मला भाजलेलं मक्याचं कणीस दिलं, म्हणजे दम टिकावा. चारच्या सुमाराला काका आले, बघत राहिले, आणि म्हणाले, “अरे बाबा, पिऊ दे की तिला. अकरा वर्षांची तहान आहे.” सुकलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि फटी आपसूक मिटतात, तोवर तिला किनाऱ्यालगत खुशाल बुडू द्यायचं असतं. हे गावातल्या कोंबडीलाही ठाऊक होतं (खरंच होतं, ती केव्हाच उतरून गेली होती). बाबांच्या मुलाला मात्र नव्हतं. मी तसाच कमरेइतक्या पाण्यात, मांडीवर पातेलं घेऊन बसलो, आणि ताई, मला रडू आलं. लोकांना वाटलं, मळमळतंय.

तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, आई काय म्हणते? मी सांगतो, पाणी पिते आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला शर्यती आहेत, सुकाणू धरायला चौघे टपून बसलेत, पण आज महिना झाला, तिची तहान काही भागत नाही. काका म्हणतात, असली तहान त्यांनी जन्मात पाहिली नाही.

तू ये असं मी म्हणत नाही. गुडघे आधी. मी आपली हौस म्हणून होडी घेतली, म्हातारपणी माणसाला काहीतरी विरंगुळा लागतो. तर कळावं. लोभ होता, त्यातला उरला असेल तेवढा असू दे.

तुझा
आल्बन

ता. क. कॅनिस का बोलत नाही ते राहिलंच. होडीच्या बदल्यात त्या गृहस्थाला तीन शेळ्या आणि शिवणयंत्र दिलं. शेळ्या आमच्या होत्या. शिवणयंत्र तुझं, तू इथे ठेवून गेलेलं. विचारायला हवं होतं, कळतं मला. पण तू नाही म्हणाली असतीस.

ता. क. २. कॅनिस म्हणते, खरं काय ते लिही. (बोलली एकदाची!) थिओडोराच्या फटी चौथ्याच दिवशी मिटल्या. आता थेंब आत येत नाही. गेला महिनाभर मी रोज पहाटे, कोणी उठायच्या आत, त्याच पातेल्याने तिच्यात पाणी भरतोय, म्हणजे दुसरं कुणी तिला बाहेर काढायला नको. सुकाणूला अजून कुणाचा हात लागलेला नाही. ताई, ऑगस्टच्या आधी ये. माझ्याने होडीत बसवणार नाही, पण तू परत येईपर्यंत मी किनाऱ्यावर उभा राहीन. मळमळलं तरी समुद्राकडेच बघत राहीन.