माफ न झालेली पोटगी

आबा,

आज सकाळपासून कशातच जीव लागत नाही. लोणावळ्याच्या बाजारात एक म्हातारे दुकानदार भेटले. मी कोणाची मुलगी ते कळल्यावर म्हणाले, "तुमच्या वडिलांकडं आमची साखरेची उधारी होती. पण कोर्टानंच त्यांना सोडवलं, आम्ही काय बोलणार?" मी मान खाली घालून घरी आले आणि तेव्हापासून नुसती आतबाहेर करते आहे. त्यांना सांगायला हवं होतं, "सगळ्यातून नाही सुटले आबा."

उन्हाळ्यात लोणावळ्याच्या बंगल्यांवर येणाऱ्या मुंबईकरांच्या जिवावर तुमचा सोडावॉटरचा कारखाना चालायचा. दुसरा संसार तुम्ही तिथंच मांडलात आणि आईला माझ्यासकट सोमाटण्याला मामाकडं धाडलंत. आईनं फिर्याद केली, कोर्टानं दरमहा पोटगी ठरवली. ती तुमचा गडी आणून द्यायचा. तुमचा चेहराही मला नीट आठवत नव्हता. मग तुम्ही कर्ज काढून नवं यंत्र घेतलंत, मंदी आली, बंगले ओस पडले. देणी फेडता येत नाहीत म्हणून तुम्ही कोर्टात नादारीचा अर्ज दिलात. कारखाना लिलावात गेला, आले ते पैसे लोकांत वाटले गेले, आणि राहिलेलं देणं कोर्टानं माफ केलं.

मामा म्हणाला, "आता पोटगीबी बुडाली." आई ऐकेना. मला घेऊन ती तळेगावच्या वकिलांकडं गेली. ते म्हणाले, "बाई, उधारी, हातउसने, सावकाराचं कर्ज, हे सगळं नादारीत जातं. सरकारचं देणं जात नाही, लबाडी करून घेतलेलं जात नाही, आणि कोर्टानं ठरवलेली बायकोची पोटगी जात नाही." आईनं त्यांना तेच पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

थोड्याच दिवसांत तुम्ही स्वतः आलात. ओसरीवर बसला आहात, टोपी गुडघ्यावर, धोतर धुळीनं भरलेलं. आई दारात उभी आहे.

"सगळ्यांचं सुटलं," तुम्ही म्हणता. "तू तेवढं पोटगी सोडली म्हणून कोर्टात लिहून दे. एका बंगल्यावर माळीकाम करतो मी आता. कुठून देऊ?"

"त्यांनी मालाची उधारी सोडली," आई म्हणते. "मी काय सोडू? कमी करून द्या, उशिरानं द्या. पर लिहून द्यायची न्हाई. आन् गडी न्हाई आता, तवा तुमीच आनून द्यायची."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी आत निघून गेले.

आणि तुम्ही येत राहिलात. तळेगावपर्यंत गाडीनं, पुढं चालत. आधी पैसे ठेवून लगेच उठायचात. मग पाणी प्यायला लागलात, मग चहा. एका पावसाळ्याआधी घरावरची कौलं चाळून दिलीत. मी सातवीची फायनल परीक्षा पास झाले तेव्हा बंगल्यातली गुलाबाची फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलीत आणि ती कशी तिरपी लावायची ते शिकवलंत. आई चुलीपाशी बसून ऐकायची. तुमच्याशी मात्र कामापुरतंच बोलायची.

आई गेली. दहाव्याला तुम्ही आलात, सगळ्यांच्या मागं बसलात. माणसं पांगल्यावर जवळ येऊन हळू आवाजात विचारलंत, "आता माझ्याकडं काही निघत नाही ना?"

मी म्हणाले, "नाही."

तुम्ही मान हलवलीत, चपला घातल्यात आणि गेलात. पुढच्या महिन्यात तुमच्या येण्याच्या दिवशी मी शिकवत होते त्या शाळेतून लवकर घरी आले. त्याच्या पुढच्याही. तुम्ही आला नाहीत. मीही तेव्हा लोणावळ्याला गेले नाही. तिथं तुमचं दुसरं घर होतं. मग तुम्ही वारल्याचं कळलं तेही उशिरा, परक्या माणसाकडून.

हे कुठल्या पत्त्यावर पाठवणार? पण एक सांगते. आई आजारी असतानाचे पोटगीचे काही महिने थकले होते, मला ते ठाऊक होतं. "निघतं" असं म्हटलं असतं, तर तेवढे महिने तरी तुम्ही आला असता. शब्द तोंडाशी आला होता, आबा. पैशासाठी म्हणते असं तुम्हाला वाटेल, याची लाज वाटली.